दुखणं मराठी, कागद ग्रीक

२०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या बाजूला, किरकटवाडी-नांदेडच्या पट्ट्यात एकामागून एक माणसांच्या हातापायांतलं बळ जायला लागलं आणि मराठी वर्तमानपत्रांना एका रात्रीत नवा शब्द शिकावा लागला. कुणी गुलेन बॅरी छापलं, कुणी गियां-बारे. शेवटी सगळे 'जीबीएस'वर स्थिरावले. त्याच आठवड्यात आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी या आजाराच्या एका प्रमुख प्रकाराचं पूर्ण नाव टाकलं: ॲक्यूट इन्फ्लमेटरी डिमायलिनेटिंग पॉलिरॅडिक्युलोन्यूरोपॅथी. त्याखाली दुसऱ्या मजल्यावरच्या काकांचं उत्तर आलं, "नाव वाचूनच हातपाय गळाले."

काकांचं चुकलं नाही. पण असल्या नावाला शब्द समजून एका दमात वाचायला गेलं की दम लागणारच. तो शब्द नसतोच, ती एक अख्खी ओळ असते, मधल्या जागा काढून टाकलेली. आणि अशा ओळी फोडायला आपल्यापैकी बहुतेकांना शाळेत शिकवलेलं असतं. संस्कृत संपूर्ण घेतलेलं असो की संयुक्त, समासाचा विग्रह करून दोन मार्क मिळवलेले असतातच. तीच हातोटी इथे चालते. फक्त तुकडे ग्रीक आहेत, आणि त्यातलेही बरेच वाटतात तितके परके नाहीत.

शेपटाकडून वाचायचं

'राजवाडा' म्हणजे राजाचा वाडा. आधी वाडा कळला पाहिजे, मग कुणाचा ते. ग्रीक नावांचंही तसंच: उत्तरपद आधी पाहायचं, म्हणजे गोष्ट काय आहे ते कळतं. पूर्वपद सांगतं ती कुठे आहे.

आर्थ्रायटिस घ्या. 'आर्थ्रॉन' म्हणजे सांधा. 'आयटिस' हा मुळात नुसता विशेषण करणारा प्रत्यय, आपल्या 'चा-ची-चे'सारखा. जुने वैद्य 'आर्थ्रायटिस नोसॉस' म्हणत, म्हणजे सांध्यांचा आजार. पुढे 'नोसॉस' गळून पडला, जसं आपण 'कोल्हापुरी' म्हणतो आणि चप्पल न सांगता कळते. कालांतराने डॉक्टरांनी या 'आयटिस'चा अर्थ पक्का केला: दाह. लाली, उष्णता, सूज आणि वेदना ही दाहाची चार जुनी लक्षणं. त्यामुळे टॉन्सिलायटिस, ब्राँकायटिस, हेपटायटिस, डर्मटायटिस हे सगळे एका माळेचे मणी. टॉन्सिल्स, श्वासनलिका, यकृत, त्वचा: जागा बदलते, तक्रार तीच.

आता दुसरं शेपूट, 'आल्जिया'. 'आल्गॉस' म्हणजे वेदना. तुम्ही दवाखान्यात जाऊन म्हणता, "डॉक्टर, सांधे दुखतात." डॉक्टर तपासतात, मान हलवतात आणि कागदावर लिहितात: आर्थ्राल्जिया. घरी आल्यावर आपण सगळ्यांना सांगतो की आर्थ्राल्जिया निघाला. निघाला काय? सांधे दुखतात हेच तर आपण सांगितलं होतं. आपलीच तक्रार ग्रीकमध्ये भाषांतर होऊन परत आली.

यात डॉक्टरांची लबाडी नाही. त्यांना नोंद करायची असते आणि कारण अजून शोधायचं असतं. पण आपण मात्र नावालाच निदान समजून बसतो. वैद्यकातली अर्धीअधिक नावं फक्त वर्णन करतात. काय दिसतंय ते सांगतात, का होतंय ते सांगत नाहीत. हा फरक लक्षात ठेवला की डॉक्टरांना विचारायचा पुढचा प्रश्न आपोआप सुचतो: "बरं, पण कशामुळे?"

पावसाळ्यात घरोघरी येणारा एक कागद पाहा. डेंगीच्या रुग्णाच्या डिस्चार्ज कार्डावर 'थ्रोम्बोसायटोपेनिया' असं लिहिलेलं असतं आणि घरच्यांना वाटतं, डेंगीवर आणखी एक आजार झाला. शेपूट 'पेनिया', म्हणजे ग्रीकमध्ये चक्क दारिद्र्य. 'किटॉस' म्हणजे पोकळ भांडं; जीवशास्त्रात त्याचा अर्थ झाला पेशी. 'थ्रॉम्बॉस' म्हणजे गुठळी. गुठळी करणाऱ्या पेशींचं दारिद्र्य. म्हणजे आपण सगळे फोनवर एकमेकांना सांगतो तेच: प्लेटलेट कमी झाल्यात.

शेपटं फार नाहीत. 'एमिया' दिसलं की रक्ताची गोष्ट, 'युरिया' दिसलं की बहुधा लघवीची, 'मेगली' म्हणजे वाढलेला आकार, 'पॅथी' म्हणजे विकार. वीस-पंचवीस शेपटं आणि तीस-चाळीस अवयव माहीत असले की घरातल्या फाइलमधले बहुतेक कागद वाचता येतात.

कापणार, भोक पाडणार की नुसतं बघणार?

शेपटांचा एक गट मात्र नीट घोकून ठेवण्यासारखा आहे, कारण तो संमतीपत्रावर येतो आणि त्याखाली आपली सही असते.

जठराला ग्रीकमध्ये 'गास्टेर'. गॅस्ट्रोस्कोपी म्हणजे दुर्बीण घालून जठर पाहणं. 'स्कोपाइन' म्हणजे बघणं. गॅस्ट्रोटॉमी म्हणजे जठराला छेद देणं. 'टोमे' म्हणजे काप. गॅस्ट्रोस्टॉमी म्हणजे जठराला बाहेर उघडणारं तोंड करणं, उदाहरणार्थ नळीने अन्न देण्यासाठी. 'स्टोमा' म्हणजे तोंड. आणि गॅस्ट्रेक्टॉमी म्हणजे जठर, सगळं किंवा काही भाग, कापून काढून टाकणं. 'एक' म्हणजे बाहेर. ऐकायला चारही सख्खी भावंडं, पण एक बघून परत येतं आणि एक अवयव घेऊन जातं.

(या 'टोमे'चा एक भाऊ भौतिकशास्त्रात आहे. 'अ' म्हणजे नाही, 'टोमॉस' म्हणजे कापलेलं: ॲटम, जो कापता येत नाही तो. विसाव्या शतकात तोही कापला, नाव मात्र तसंच राहिलं.)

हे नुसतं शब्दांचं कौतुक नाही. आपल्याकडे बायका सहज म्हणतात, "माझी पिशवी काढली." कागदावर असतं हिस्टेरेक्टॉमी: 'हिस्टेरा' म्हणजे गर्भाशय, 'एक्टॉमी' म्हणजे काढून टाकणं. इथपर्यंत दोन्हींचा अर्थ एकच. पण कधी कधी पुढे आणखी एक लांबलचक शब्द जोडलेला असतो, साल्पिंगो-ऊफोरेक्टॉमी. 'साल्पिंक्स' म्हणजे तुतारी, कारण गर्भनलिकेचं टोक तुतारीसारखं पसरट असतं. 'ऊफोरॉन' म्हणजे अंडं धारण करणारं, अर्थात बीजांडकोश. त्या शब्दाआधी 'बायलॅटरल' असेल तर दोन्ही बाजूंचे. म्हणजे पिशवीबरोबर नळ्या आणि बीजांडकोशही जाणार. बीजांडकोश गेले की पाळी जाण्याच्या वयाची वाट पाहावी लागत नाही. अंगातून वाफा येणं, हाडं ठिसूळ होत जाणं हे सगळं लवकर मागे लागतं. तिशीतल्या बाईसाठी हा फरक केवढा आहे!

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये गाजला आणि राज्य सरकारला चौकशीसाठी समिती नेमावी लागली. त्या प्रश्नाची मुळं गरिबीत, मुकादमाच्या उचलीत आणि पाळीच्या दिवसांत बुडणाऱ्या मजुरीत आहेत. ग्रीक येत नाही म्हणून ते घडलं असं म्हणणं म्हणजे थट्टाच होईल. पण सही करणारीला कागदावरच्या दोन शब्दांमधला फरक कुणीतरी मराठीत सांगायला हवा, एवढं तरी त्यातून घ्यावं.

अर्धं डोकं, दोन भाषांत

आता माझा आवडता भाग. अवयवांची ग्रीक नावं पाठ करताना मला सारखं वाटायचं, हे कुठेतरी ऐकलंय.

हाडाला ग्रीकमध्ये 'ऑस्टेऑन', संस्कृतात अस्थि. दाताला 'ओडॉन्ट', आपल्याकडे दंत. गुडघ्याला 'गोनी', आपल्याकडे जानु. यकृताला 'हेपार', हे दोन शब्द कानाला अजिबात सारखे वाटत नाहीत, तरी भाषाशास्त्रज्ञांनी ते एकाच घराचे ठरवलेत, आणि लॅटिनमधला 'येकुर' मध्ये ठेवला की आपल्यालाही दुवा दिसतो. आतड्याला 'एंटेरॉन', आपल्याकडे आंत्र. म्हणजे गॅस्ट्रोएंटरायटिसमधलं मधलं पद आपल्या आतड्याचं लांबचं भावंड. 'थर्मोस' म्हणजे उष्ण. संस्कृतात घर्म म्हणजे उष्णता, आणि त्यातूनच मराठीत आला घाम. तापात घामाघूम झालेल्या माणसाच्या काखेत थर्मामीटर ठेवतात तेव्हा हे दोन शब्द हजारो वर्षांनी भेटत असतात.

स्नायूला ग्रीकमध्ये 'मीस', आणि उंदरालाही 'मीस'. दंडाचा स्नायू आवळला की कातडीखाली उंदीर पळाल्यासारखा दिसतो, म्हणून. हा शब्द आपल्या मूषकाचा नातेवाईक. तेव्हा अंगदुखीला कुणी मायाल्जिया म्हटलं तर मनातल्या मनात 'उंदीरदुखी' म्हणायला हरकत नाही.

या सगळ्यांत अर्धशिशी अव्वल. एका बाजूचं डोकं ठणकतं म्हणून मराठीत अर्ध अधिक शीर्ष, अर्धशिशी. ग्रीक वैद्यांनीही तेच केलं: 'हेमी' म्हणजे अर्धं, 'क्रानिऑन' म्हणजे कवटी, हेमिक्रानिया. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातल्या गेलन नावाच्या प्रख्यात वैद्याच्या लिखाणात हा शब्द आहे. तो लॅटिनमधून फ्रेंचांच्या तोंडी गेला, त्यांनी पुढचा 'हे' गिळला आणि उरलं मिग्रेन. ते इंग्रजांनी उचललं. आज आपली मुलगी म्हणते, "आजी, अर्धशिशी नाही गं, मायग्रेन आहे," तेव्हा ती तोच शब्द, तसाच अर्धा केलेला, फक्त समुद्र फिरून आलेला वापरत असते. त्यात 'क्रानिऑन' आणि 'शीर्ष' हेही एका मुळाचे.

उपसर्गांतही हेच. 'अ' किंवा 'अन' म्हणजे नसणं, दोन्हीकडे. 'डिस' म्हणजे वाईट, आपला 'दुस्-दुर्'. 'पेरी' म्हणजे भोवती, आपला 'परि'. 'पॉली' म्हणजे पुष्कळ, संस्कृतातला 'पुरु'. पेरिकार्डायटिस म्हणजे हृदयाभोवतीच्या आवरणाचा दाह; यातला 'पेरी' परिक्रमेतल्या 'परि'चा चुलतभाऊ.

म्हणजे हे सगळं आपल्याकडूनच गेलं ना?

हा प्रश्न येणार हे माहीत आहे, म्हणून आधीच सांगतो: नाही. चुलतभावांचे चेहरे मिळतात ते आजोबा एक असल्यामुळे, एकाने दुसऱ्याला जन्म दिल्यामुळे नव्हे. १७८६ मध्ये विल्यम जोन्स यांनी कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत हेच मांडलं होतं, की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिनमधलं साम्य योगायोगाने येण्याइतकं थोडं नाही. त्यांचा उगम एका अशा भाषेत असावा जी कदाचित आता उरलेली नाही.

आणि कानाला सारखं वाटलं की नातं जुळलं असंही नसतं. मधुमेहाला डॉक्टर 'डायबेटिस मेलिटस' म्हणतात. 'डायबेटिस' ग्रीक, म्हणजे आरपार वाहून जाणारं, कारण रुग्णाला सारखी लघवी होते. 'मेलिटस' लॅटिन, म्हणजे मधासारखं गोड. आपल्या वैद्यांनीही लघवीची गोडी ओळखून नाव दिलं मधु-मेह. मग मधु आणि 'मेलिटस'मधला 'मेल' एकच ना? नाही. मधुचा ग्रीक नातेवाईक 'मेथी' आहे, आणि त्याचा अर्थ वाइन. त्या 'मेथी'ला लाकडाचा 'हिले' जोडून रसायनशास्त्रज्ञांनी 'मिथाइल' बनवलं, कारण मिथाइल अल्कोहोल लाकडापासून निघायचं. विषारी दारूच्या बातम्यांतल्या मिथेनॉलमध्ये आपला मधु लपलेला आहे, आणि मधुमेहाच्या इंग्रजी नावात तो नाहीच.

देवघेव मात्र झाली, आणि ती दोन्ही दिशांनी. 'केंद्र' हा आपल्याला अस्सल संस्कृत वाटणारा शब्द ग्रीक 'केन्ट्रॉन'वरून ज्योतिषाबरोबर आला. खडक फोडायला लावतात तो 'सुरुंग' ग्रीक 'सिरिंक्स'वरून आला असं बहुतेक अभ्यासक मानतात. सिरिंक्स म्हणजे पोकळ नळी, बासरी. त्याच सिरिंक्सपासून सिरिंजही झाली. दवाखान्यातली सुई आणि घाटातला सुरुंग, दोघांचं मूळ एक.

पण ग्रीकच का?

कारण पहिली दुकानं त्यांनी मांडली. हिप्पोक्रॅटिसच्या परंपरेतले वैद्य ग्रीकमध्ये लिहीत. पुढे अलेक्झांड्रियात हेरोफिलसने माणसाचं शरीर उघडून पाहिलं आणि जे दिसलं त्याला साधी, घरगुती नावं दिली. लहान आतड्याचा पहिला तुकडा बोटांनी मोजला, बारा बोटं भरला, म्हणून नाव 'बारा बोटं'. त्याचंच लॅटिन भाषांतर पुढे ड्युओडेनम झालं. गळ्यातल्या ग्रंथीचं 'थायरॉइड' हे नावही असंच: शेजारची कूर्चा ढालीसारखी, आणि ती लांबट ढाल ग्रीकांना दारासारखी वाटायची. 'थिरा' म्हणजे दार. होय, आपलंच दार, एकाच मुळाचं. म्हणजे आज जे भारदस्त वाटतं ते त्या काळी बोली होतं. ग्रीक शेतकऱ्याला 'तुला आर्थ्रायटिस आहे' म्हटलं असतं तर त्याला 'सांध्यांचं दुखणं' एवढंच ऐकू आलं असतं.

रोमन आले, त्यांनी वैद्यक ग्रीकांकडून घेतलं पण स्वतःची लॅटिन सोडली नाही. सोळाव्या शतकात, १५४३ मध्ये, व्हेसेलियसने शरीररचनेवरचा मोठा ग्रंथ लॅटिनमध्ये छापला. ढोबळमानाने वाटणी अशी झाली की शरीराच्या भागांची नावं पुष्कळशी लॅटिन आणि आजारांची, शस्त्रक्रियांची ग्रीक. याचाच ताप आपल्याला होतो. किडनीचे डॉक्टर नेफ्रॉलॉजिस्ट, पण किडनी निकामी झाली की 'रीनल फेल्युअर'. 'नेफ्रॉस' ग्रीक, 'रेन' लॅटिन, अवयव एकच. घरी लग्न म्हणतो आणि पत्रिकेत शुभविवाह छापतो, त्यातलाच प्रकार.

कधी दोन भाषांची मोटही बांधतात. अपेंडिसायटिस हा शब्द रेजिनाल्ड फिट्झ या अमेरिकन डॉक्टरांनी १८८६ मध्ये रूढ केला: अपेंडिक्स लॅटिन, आयटिस ग्रीक. शुद्धतावाद्यांनी नाकं मुरडली असतील, पण रुग्णांचं भलं झालं, कारण पोटातल्या त्या दुखण्याचं नेमकं ठिकाण नावातच आलं.

मग मराठीत का नाही?

आहे की. मराठी विश्वकोशात 'आयटिस'साठी 'शोथ' वापरलाय: यकृतशोथ, संधिशोथ. वर्तमानपत्रं कधी 'दाह' वापरतात. हे शब्द चुकीचे अजिबात नाहीत. घडण तर हुबेहूब ग्रीकसारखी. अडचण एवढीच की शोथ हा शब्दही रोजच्या बोलण्यातला नाही. एक न कळणारा शब्द काढून तिथे दुसरा न कळणारा ठेवला तर आजोबांना काय फरक पडणार? माझं मत असं: कागदावर ग्रीक राहू दे. पुण्यातल्या डॉक्टरांचं कार्ड उद्या नागपूरला, दुबईला किंवा टोकियोला कुणीतरी वाचणार आहे, आणि तिथे एका शब्दाचा एकच अर्थ निघाला पाहिजे. पण तोंडी सांगताना शोथही नको आणि आयटिसही नको. "यकृताला सूज आलीय" पुरे.

काही जण म्हणतात, हे सगळं आपल्याला कळू नये म्हणूनच आहे. थोडं तथ्य आहे. न कळणाऱ्या मंत्राची दक्षिणा जास्त असते हे आपल्याला नव्याने सांगायला नको.

एका अक्षराचा फरक

'हायपर' म्हणजे वर, जास्त, संस्कृतात उपरि. 'हायपो' म्हणजे खाली, कमी. त्याचा नातेवाईक 'उप', जसा उपसंपादक हा संपादकाच्या खालचा. अर्थ उलटे आणि उच्चार जवळजवळ एक, यापेक्षा वाईट जोडी शोधून सापडणार नाही. फोनवर खरखर असेल तर हायपोथायरॉइड की हायपरथायरॉइड हे भल्याभल्यांना कळत नाही.

साखरेच्या बाबतीत हे अंगाशी येऊ शकतं. 'ग्लिकिस' म्हणजे गोड, 'हायमा' म्हणजे रक्त. हायपोग्लायसेमियात रक्तातली साखर खाली गेलेली असते. माणूस घामाने भिजतो, थरथरतो, आणि शुद्धीवर असेल तर त्याला लगेच गोड द्यायचं असतं. हायपरग्लायसेमियात साखर आधीच चढलेली असते. तेव्हा कुणालाही निरोप देताना हा शब्द वापरूच नये. "साखर उतरलीय" किंवा "साखर चढलीय" म्हणावं. इथे मराठी ग्रीकपेक्षा सुरक्षित आहे.

'ओमा' दिसलं म्हणजे कॅन्सरच?

रिपोर्ट हातात आल्यावर लोक गूगल करतात आणि 'ओमा' म्हणजे गाठ असं वाचून रात्रभर जागतात. लायपोमा ही चरबीची गाठ. बहुतेक वेळा निरुपद्रवी. हिमॅटोमा म्हणजे मार लागून साकळलेलं रक्त. ग्लॉकोमात तर गाठच नाही, तो डोळ्याचा काचबिंदू. उलट लिंफोमा आणि मेलॅनोमा ही नावं तितकीच सौम्य वाटतात आणि ते कॅन्सर आहेत. विग्रहाची ही मर्यादा आहे. नाव जागा सांगेल, प्रकार सांगेल, आजार किती गंभीर आहे ते नाही सांगणार. ते पॅथॉलॉजिस्टच्या अहवालात आणि डॉक्टरांच्या तोंडून कळतं.

तुकडेही फसवतात. मायाल्जियात 'माय' म्हणजे स्नायू, म्हणून मायोपियातही तेच असं समजाल तर चुकाल. तिथला शब्द 'डोळे मिटणं' या अर्थाचा आहे. लांबचं दिसत नाही म्हणून माणूस डोळे बारीक करतो, त्यावरून.

खोटी पडलेली नावं

काही नावं तर उघड चुकीची आहेत. धमनीला 'आर्टेरिया' म्हणणाऱ्या ग्रीकांना वाटायचं तिच्यातून हवा वाहते, कारण मृतदेहात धमन्या बहुधा रिकाम्या दिसतात. जिवंत प्राण्याच्या धमनीत रक्तच असतं हे गेलनने दाखवलं, पण नाव बदललं नाही. ॲनिमिया म्हणजे शब्दशः 'रक्त नसणं'; तसं असतं तर रुग्ण दवाखान्यापर्यंत चालत आलाच नसता. ऑक्सिजन म्हणजे आम्ल तयार करणारा. लाव्हॉझिए या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाला वाटलं होतं की प्रत्येक आम्लात तो असतोच. पुढे कळलं की हायड्रोक्लोरिक आम्लात तो नाही. आपला 'प्राणवायू' जास्त बरोबर निघाला.

हिस्टेरियाचं नाव मात्र नुसतं चुकीचं नाही, अन्यायकारक आहे. तेच ते 'हिस्टेरा', गर्भाशय. बाईचं गर्भाशय शरीरात भटकतं आणि तिला झटके आणतं अशी जुनी समजूत. ती समजूत गेली तरी नाव विसाव्या शतकापर्यंत टिकलं. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीतून ते १९८० मध्ये गेलं. आपल्या बोलण्यातून अजून गेलेलं नाही.

आणि एक नाव प्रामाणिकपणाबद्दल कौतुकास्पद: 'इडिओपॅथिक'. 'इडिऑस' म्हणजे स्वतःचा, 'पॅथॉस' म्हणजे व्याधी. आपला आपण झालेला आजार. मराठीत सांगायचं तर, कारण आम्हालाही माहीत नाही.

आता काकांचा शब्द

जानेवारीतला तो लांबलचक शब्द आता फोडू. आधी मधलं 'मायलिन' बघू. 'मीएलॉस' म्हणजे मज्जा. हा शब्द ग्रीकमध्ये हाडातल्या मगजालाही आणि पाठीच्या कण्यातल्या दोरीलाही वापरतात, आणि गंमत म्हणजे आपणही तेच करतो: अस्थिमज्जा आणि मज्जारज्जू. यावरूनच पोलिओमायलायटिस. 'पोलिऑस' म्हणजे राखाडी, संस्कृतातल्या पलित म्हणजे पिकलेल्या केसांचा नातेवाईक. मज्जारज्जूच्या राखाडी भागाचा दाह. आपण शेपूट टाकून नुसतं पोलिओ म्हणतो, म्हणजे इतकी वर्षं बूथवर रांग लावून आपण 'राखाडी'चे डोस पाजत होतो.

मायलिन म्हणजे नसांच्या तंतूंवरचं वेष्टन. 'डि' लॅटिन, म्हणजे काढून टाकणं. 'पॉली' म्हणजे अनेक. 'रॅडिक्युला' पुन्हा लॅटिन, म्हणजे छोटं मूळ. मज्जारज्जूतून नसा जिथून निघतात ती मुळं. 'न्यूरॉन' म्हणजे मुळात तंगडीतली दोरीसारखी शीर, आणि हा शब्द आपल्या 'स्नायू'चा भाऊ. त्यातून एक घोळ झालाय: हिंदीत आणि बंगालीत स्नायु म्हणजे नस, मराठीत स्नायू म्हणजे मांसपेशी. हिंदी वाहिनीवर 'स्नायु रोग' ऐकून मराठी माणसाला व्यायामशाळा आठवते. शेवटी 'पॅथी', विकार. पुढची दोन पदं लॅटिनची: अचानक जोरात येणारा, दाह असलेला.

जोडून वाचा: अचानक उद्भवणारा, दाहाचा, वेष्टन उतरवणारा, अनेक मुळांचा आणि नसांचा विकार. कारणाला या नावात जागाच नाही. संसर्गाशी लढायला उभी राहिलेली शरीराची फौज चुकून स्वतःच्याच नसांवर तुटून पडते, हे त्यातल्या एकाही तुकड्यात नाही. गियां आणि बारे यांनी स्ट्रॉल या सहकाऱ्यासह १९१६ मध्ये दोन सैनिकांचं वर्णन केलं, त्यावरून पडलेलं छोटं नाव तर एवढंही सांगत नाही. पुण्यात काही रुग्णांच्या तपासणीत सापडलेल्या जिवाणूचं नाव कॅम्पिलोबॅक्टर, म्हणजे 'वाकडी काठी'. सूक्ष्मदर्शकाखाली तो तसा दिसतो, बस.

हे सगळं मी त्या रात्री ग्रुपवर टाकलं, चांगलं चार परिच्छेद. सकाळी काकांचं उत्तर होतं: "म्हणजे वायरचं कव्हर सोललं गेलं, असंच ना?"

मी लिहिलं, हो.

"मग पेपरवाल्यांना तसं छापायला काय झालं होतं?"